दोन बोटं उघडायचं

वाटणीत थरमनला बोट गेली, ट्रेलर गेला,
कुत्रा गेला, त्यालाही कुणी विचारलं नाही.
कोळशाची शेगडी तेवढी माझ्याकडे राहिली,
सिरॅमिकची, मरून रंगाची, पोट सुटलेली;
कारण ती उचलायला चार माणसं लागतात
आणि त्या दिवशी थरमनसोबत एकही नव्हतं.

अकरा वर्षं मी तिचं झाकण उचललं नव्हतं.
मेकन गावातल्या आमच्या मागच्या अंगणात
चिमटा त्याचा, धूर त्याचा, टाळ्या त्याच्या.
मी आत कोबी चिरायची.

माहितीपुस्तक तो घेऊन गेला. मुद्दाम असेल.

पहिल्या रविवारी कोळशावर पेटवायचं तेल ओतणार,
तोच कुंपणापलीकडून ऑर्विल पेटस खेकसला,
"अगं, ती माती आहे! माती पिते!
आज जे पाजशील
ते ख्रिसमसच्या कोंबडीत वास मारेल."
ऑर्विलची हयात वीटभट्टीत गेली,
मातीबद्दल तो सहसा चुकत नाही.
त्याने मेण लावलेला लाकडाच्या भुश्याचा गोळा दिला,
एका जागी पेटव म्हणाला, आणि खुर्ची घे.

खुर्ची घेतली.
खालची खिडकी उघडी, वरची चकती उघडी,
काटा शंभरावर, दीडशेवर, मुंगीच्या पावलांनी.
"घाईने तापवलीस तर तडकेल.
पुढे गेलेला काटा मागे आणायला दुपार जाते,
म्हणून आधीच लगाम खेच."
माझ्या लग्नाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी शहाणी झाले होते.
आतला जाळ गुदमरून निजलेला,
मी झाकण सरळ वर केलं.
हवा आत, ज्वाळा बाहेर,
आणि माझी डावी भुवई कुठेच नाही.
मार्व्हेला फोनवर हसून हसून रडली.
मी कानाला खडा लावला:
दोन बोटं उघडायचं, थांबायचं,
तिला श्वास घेऊ द्यायचा,
तोंड बाजूला ठेवून मगच पूर्ण.

बाकीचं हळूहळू हाताला कळलं.
आत साबण नाही, तापलेल्या अंगावर पाणी तर नाहीच.
पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये ढकलायची नाही;
तो वायू दिसत नाही, वासही येत नाही,
माणूस झोपेतच जातो.
लाकडी ओट्यावर पाय थेट टेकवायचे नाहीत,
खालच्या खिडकीतून ठिणगी पडते.
झाकणाच्या कडेच्या पट्टीत एक डॉलरची नोट धरून ओढायची,
सुळकन निघाली तर पट्टी गेली.
बिजागरीचे नट वसंतात एकदा आवळायचे,
नाहीतर घुमट एक दिवस तुमच्या हातात येतो.

ऑक्टोबरात थरमन बोटीचे कागद न्यायला आला.
खांद्याचं मांस सहा तास आत होतं.
वासाने त्याचा हात आपसूक मुठीकडे गेला
आणि मी मनगट धरलं.
"दोन बोटं," मी म्हटलं. "थांब."

थांबला तो. किती वर्षांनी.
तेव्हा दिसला त्याच्या हातावरचा डाग,
कोपरापर्यंत चकचकीत, गुलाबी,
जो बोटीच्या इंजिनाचा आहे असं त्याने
मला, मार्व्हेलाला, चर्चमधल्या सगळ्यांना सांगितलेलं.
त्याने बाही खाली केली.
मी काही बोलले नाही. एक तुकडा बशीत दिला.
खाताना म्हणाला, "बरं झालंय."
आणि मग, "पट्टी बदललीस?"
"मार्चमध्ये."

तो गेल्यावर वरची चकती बंद केली, खालची खिडकी बंद केली.
तिला विझवायला पाणी लागत नाही,
हवा तोडली की रात्रभरात आपली आपण निवते.
वरून आवरण घालायचं ते मात्र सकाळी.

सकाळी हात लावून पाहिलं. गार.
राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत,
आणि बादली घरापासून लांब, दोन दिवस;
राख वरून मेल्याचं सोंग घेते.
जाळीवर अर्धे कोळसे शाबूत होते.
हलवून त्यांची पूड झटकली.
पुढच्या रविवारी त्यांच्यावरच.
ऑर्विलला मक्याची कणसं आणायला सांगितलीत.